पडण्याच्या आधी काय झालं? दमा, ताप आणि मूर्च्छा यांचा इतिहास

पुसेगाव म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला सातारा जिल्ह्यातलं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव आठवतं. आपलं हे सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव. दुसऱ्या पुसेगावची पत्रं इकडं येतात की नाही ते मला माहीत नाही, पण माणसाला चुकीचा पत्ता लागला तर काय होतं, हाच आजचा विषय आहे. (श्रोत्यांत हशा)

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळं आजचं बोलणं औषधोपचाराचं नाही, इतिहासाचं आहे. तरी सुरुवात एका मुलीपासून करतो, कारण या विषयाकडं मला तिनंच आणलं.

बरीच वर्षं झाली. दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. लहानपणापासून दमेकरी. थंडीचे दिवस होते. आठ दिवस तिला ताप होता, छाती भरलेली होती, तरी परीक्षा जवळ आली म्हणून शाळेत यायची. सकाळी प्रार्थनेला उभी असताना तिला खोकल्याची उबळ आली. थांबेचना. चेहरा लाल झाला, मग काळवंडला, आणि पोर उभ्याची खाली कोसळली. हातपाय दोनचार वेळा झटकले. गर्दी झाली. कुणी म्हणालं दातखीळ बघा, कुणी म्हणालं कांदा आणा. एकानं पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. आणि मंडळी, त्या गर्दीत सगळ्यात आधी "फिट आली" असं मोठ्यानं म्हणणारा माणूस मी होतो.

अर्ध्या मिनिटात ती शुद्धीवर आली. उठून बसली, सगळ्यांना ओळखू लागली. पुढच्या दोन आठवड्यांत असं आणखी दोनदा झालं. पण माझा शब्द तोवर गावभर झाला होता. "तिला फिट येते." कुणी म्हणालं बाहेरचं आहे, उतरवून घ्या. रस्त्यात कुठं पडली तर काय करता, म्हणून घरच्यांनी शाळा बंद केली. परीक्षा राहिली. पुढं सोयरिकीच्या वेळीही तो शब्द तिच्या आधी पोचायचा. पुष्कळ दिवसांनी एका मोठ्या गावच्या डॉक्टरांनी तिला साधा प्रश्न विचारला, "पडण्याच्या आधी काय होतं गं?" ती म्हणाली, "खोकला." तोवर तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

त्या प्रश्नाचा इतिहास आज तुमच्यापुढं मांडायचा आहे.

पहिल्यांदा आपल्याच घरातली पोथी उघडू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सतरावा अध्याय हिक्का आणि श्वास यांचा आहे. उचकी आणि दम. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ. त्यात श्वासाचे पाच प्रकार सांगितलेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यातला तमकश्वास म्हणजे आपण ज्याला दमा म्हणतो त्याच्या अगदी जवळचा. त्याचं वर्णन वाचताना वाटतं, लिहिणारा रात्रभर रोग्याच्या उशाशी बसला असावा. छातीत घुरघुर आवाज. आडवं झालं की श्वास कोंडतो, उठून बसलं की जरा बरं वाटतं. गरम गोष्टी हव्याशा वाटतात. ढग आले, पाऊस पडला, थंडी वाढली, पूर्वेचा वारा सुटला की त्रास वाढतो. त्रास उठवणाऱ्या कारणांत धूळ आणि धूर दोन्ही आहेत. ज्यांनी सोयाबीनच्या मळणी यंत्राजवळ किंवा हळद पॉलिश करण्याच्या ड्रमजवळ एक दिवस काढलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता या वर्णनातल्या दोन गोष्टी नीट ऐका. पहिली अशी, की हा रोगी खोकता खोकता पुन्हा पुन्हा मोहात जातो, म्हणजे त्याची शुद्ध हरपते. कफ सुटत नाही तोवर त्याचे हाल होतात, आणि कफ सुटला की घटकाभर बरं वाटतं. दुसरी गोष्ट त्याच्यापुढं येते. या तमकश्वासाला ताप आणि मूर्च्छा येऊन मिळाल्या, तर त्याला वेगळं नाव आहे, प्रतमक. दमा, त्यात ताप, त्यात मूर्च्छा. माझ्या वर्गातली मुलगी त्या पोथीत होती! पुढं माधवकरानं रोगनिदानाचा ग्रंथ रचला, माधवनिदान, त्यातही हे वर्णन आलं. वैद्यकी शिकणारी पोरं ते पाठ करायची. एकोणिसाव्या शतकापर्यंत आणि त्यानंतरही.

मग प्रश्न पडतो, जे पाठ होतं ते गावात का उतरलं नाही? माझं उत्तर असं आहे. शुद्ध हरपण्याला आपल्या बोलीत शब्द भरपूर आहेत. चक्कर, घेरी, भोवळ, झटका, फिट, मिरगी, लागीर. पण हे सगळे शब्द पडणाऱ्याकडं बाहेरून बघणाऱ्या माणसाचे आहेत. पडणं चारचौघांत दिसतं. श्वास दिसत नाही, तो ऐकावा लागतो, आणि त्यासाठी जवळ जावं लागतं. विशेषतः वयात आलेली मुलगी असली की तिच्या छातीला कान कोण लावणार?

ही अडचण एकट्या आपल्या देशाची नव्हती. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक नावाच्या डॉक्टरापुढं हाच पेच आला. एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणं त्याला बरं दिसेना. त्यानं कागदाची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं आपल्या कानाला. आवाज नुसत्या कानापेक्षा स्वच्छ आला. आजचा स्टेथोस्कोप त्या गुंडाळीचा वंशज. लेनेक स्वतः १८२६ साली क्षयानं गेला.

क्षयाचं नाव निघालं म्हणून आपल्याच एका मुलीची गोष्ट सांगतो. आनंदीबाई जोशी. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून त्या आपल्याला पाठ आहेत. पण घटकाभर त्यांच्याकडं रुग्ण म्हणून बघा. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. त्यानंतर नवऱ्याच्या पोस्टातल्या नोकरीपायी त्या बंगालात गेल्या, कलकत्ता आणि श्रीरामपूरला. तिथं त्यांची प्रकृती ढासळत गेली. अशक्तपणा, सतत डोकं दुखणं, अधूनमधून ताप, आणि मधेच दम लागणं. वय होतं सोळा-सतरा. अमेरिकेतून थिओडिसिया कार्पेंटर या बाई त्यांना पत्रांसोबत औषधं पाठवत होत्या. गुण आला नाही.

तारखा शेजारी ठेवून बघा. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्याच्या पुढच्या वर्षी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात आपण अमेरिकेला का जाणार हे भाषण करून सांगितलं, आणि एप्रिलमध्ये बोटीत पाय ठेवला. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. एकविसाव्या वर्षी. बंगालातला त्यांचा दम हीच क्षयाची सुरुवात होती, असं मी आज छातीठोकपणे म्हणणार नाही. इतिहासाच्या माणसानं तसं म्हणू नये. पण एक धडा पक्का आहे. कोवळ्या वयाच्या पोरीला दम लागतो, वरून ताप येतो, तेव्हा "नाजूकच आहे", "थकली असेल" असं म्हणणं म्हणजे निदान नव्हे. आणि दम लागला म्हणजे दर वेळी दमाच, असंही नाही. खोकला दोन आठवड्यांच्या पुढं गेला तर थुंकीची तपासणी करा, असं आज सरकारी दवाखाने का सांगतात, ते या गोष्टीत आहे.

आता आपल्या मुलखाकडं येऊ. तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती, छावणीचं गाव होतं. आनंदीबाई गेल्या त्याच्या पुढच्याच वर्षांत आपल्या या राजधानीत, हैदराबादेत, एक विलक्षण चौकशी झाली. क्लोरोफॉर्म देऊन शस्त्रक्रिया करताना काही माणसं टेबलावरच एकदम जात. त्यांचं आधी काय थांबतं, श्वास की हृदय? हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं, श्वास. नाडीकडं बघू नका, श्वासाकडं बघा. १८८८ मध्ये एक आयोग बसला. विलायतेत त्याचा निकाल कुणी मानेना. मग सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी खर्च उचलला, लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकानं लॉडर ब्रंटन यांना पाठवलं, आणि १८८९ मध्ये दुसरा आयोग झाला. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निकाल पुन्हा तोच आला: श्वास आधी थांबतो.

लॉरी अर्धे बरोबर होते. श्वासावर नजर ठेवा, ही त्यांची शिकवण मोलाची ठरली. पण १९११ साली लंडनमध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं, की हलक्या क्लोरोफॉर्ममध्येही हृदयाचा ठोका बिघडून एकाएकी मृत्यू येऊ शकतो. म्हणजे कधी श्वास, कधी हृदय. एकच कारण धरून बसलं की दुसऱ्या कारणानं माणूस जातो. ही गोष्ट जरा ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता पुन्हा खोकल्याकडं. १८७६ साली पॅरिसमध्ये शार्को या नामांकित मज्जातज्ज्ञानं काही रोग्यांचं वर्णन केलं. घशात गुदगुल्या होतात, खोकल्याची उबळ येते, माणूस धाडकन पडतो, आणि काही क्षणांत उठून बसतो. त्यानं याला स्वरयंत्राची भोवळ असं नाव दिलं. चरकाच्या वर्णनापासून इथवर यायला एवढी शतकं लागली. पण गोष्ट इथंही सुटली नाही. पुढची सत्तरेक वर्षं कित्येक मोठमोठे डॉक्टर याला मिरगीचाच एक प्रकार समजत राहिले. प्रार्थनेच्या मैदानावर मी जी चूक केली, ती युरोपातल्या रुग्णालयांतही झाली होती. यानं माझी चूक लहान होत नाही, पण ती किती सोपी आहे ते कळतं.

उलगडा झाला तो १९५३ साली. लंडनच्या शार्पी-शेफर यांनी खोकणाऱ्या माणसांच्या छातीतला आणि रक्तवाहिन्यांतला दाब मोजला. जोरात, न थांबता खोकलं की छातीतला दाब एवढा वाढतो, की शिरांतून हृदयाकडं परतणारं रक्त अडतं. हृदयात रक्त आलंच नाही तर ते पुढं काय ढकलणार? मेंदूचा पुरवठा काही सेकंद तुटतो आणि माणूस कोसळतो. मेंदू उपाशी पडल्यामुळं हातपायही दोनचार वेळा झटकू शकतात, म्हणून बघणाऱ्याला ती फिट वाटते. माणूस आडवा झाला, खोकला थांबला, की रक्त पुन्हा चालू होतं आणि तो झटकन भानावर येतो. मिरगीच्या झटक्यानंतर बहुतेक वेळा माणूस बराच वेळ गोंधळलेला, गुंगीत असतो. हा फरक पाहणाऱ्याच्या हातात आहे, फक्त घड्याळ बघायला हवं. १९७० साली अमेरिकेतल्या बालरोगांच्या एका मासिकात दम्याच्या मुलांना खोकताना येणाऱ्या मूर्च्छेवर स्वतंत्र लेख छापून आला. दमा असलेलं लेकरू, छातीत कफ, खोकल्याची उबळ आणि मूर्च्छा. पोथीतली जोडी पुन्हा जुळली.

इथं कुणी म्हणेल, चला, मग काळजी नाही, खोकल्याची भोवळ आहे, आपोआप जाते. थांबा. हैदराबादचा धडा आठवा. एकच कारण धरून बसू नका.

दम्याच्या औषधांचा इतिहासही पोराटोरांशी जोडलेला आहे. १९५५ साली अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीनं बापाला विचारलं, माझं औषध केसांच्या फवाऱ्यासारखं डब्यातून का येत नाही? पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, दाबून घ्यायचा पंप बाजारात आला. आज लाखो माणसं तो खिशात घेऊन फिरतात. पण १९६० नंतर ब्रिटनमध्ये दम्यानं मरणाऱ्या तरुण मुलांची संख्या अचानक चढू लागली, आणि सगळ्यात जास्त वाढ १० ते १४ या वयात होती. तेव्हाच्या पंपांत आयसोप्रेनालिन नावाचं, हृदयालाही चेतवणारं औषध होतं, काहींत ते फारच कडक. मुलं पंप मारत राहायची, तात्पुरतं बरं वाटायचं, आणि दवाखाना गाठायला उशीर व्हायचा. औषधानं थेट हृदय बिघडलं की त्याच्या भरवशावर वेळ गेला, यावर वाद झाला. १९६७ साली सरकारी इशारा निघाला आणि मृत्यू उतरले. १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल आलं, हृदयाला कमी त्रास देणारं, आणि १९७२ मध्ये श्वासनळीची सूज उतरवणारा स्टिरॉईडचा पंप आला. आपल्याकडं "पंपाची सवय लागते" असं म्हणून लोक तो दुसरा, रोज घ्यायचा पंप टाळतात आणि पहिल्यावर दिवस काढतात. १९६० च्या दशकातली चूक ती हीच.

दुसरं औषध थिओफिलिन. १८८८ साली कोसेल यांनी ते चहाच्या पानांतून वेगळं काढलं, आणि १९२० च्या दशकापासून ते दम्यावर वापरात आहे. स्वस्त गोळी, गावोगाव मिळते. गुणाची आहे, पण तिचं योग्य माप आणि विषारी माप यांच्यात अंतर थोडं. छातीत जंतुसंसर्ग झाला म्हणून वरून एरिथ्रोमायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू केलं, तर थिओफिलिन शरीरातून लवकर निघत नाही, रक्तात साठत जातं. मग मळमळ, धडधड, आणि हद्द झाली तर खरोखरची फिट. बघा, दम्याची गोळी एका दुकानातली, तापाची दुसऱ्या दुकानातली, आणि दोन्ही जागी दुसऱ्या गोळीचं नाव कुणी सांगितलेलं नसतं.

१९९० साली अमेरिकेत ३९ वर्षांच्या एका बाईला वारंवार मूर्च्छा येऊ लागली. ती ॲलर्जीसाठी टर्फेनाडिन घेत होती, आणि बुरशीच्या संसर्गासाठी किटोकोनाझोल. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला तर ठोका भलताच बिघडलेला. दोन्ही औषधं एकत्र आल्यानं ते झालं होतं. एरिथ्रोमायसिनबरोबरही तसंच होतं असं पुढं दिसलं. १९९८ साली टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून गेलं. ते उमगलं ते एवढ्याचसाठी, की कुणीतरी विचारलं, बाई, तुम्ही कोणकोणत्या गोळ्या घेता?

मंडळी, आता हे सगळं आपल्या ओसरीवर आणून ठेवतो. दमा असलेलं, छाती भरलेलं लेकरू पडलं तर दर वेळी कारण सारखं नसतं. खोकल्याच्या उबळीनं पडतं. तापात पाणी तुटलं, जेवण सुटलं, म्हणून उभं राहताना पडतं. औषधांनी पडतं. हृदयाच्या दोषानं पडतं, आणि पळताना पडलं किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असलं, तर हृदयाची तपासणी आधी. आणि सगळ्यात भयंकर, दम इतका वाढतो की रक्तात प्राणवायूच उरत नाही. ओठ निळे पडले, एक वाक्य सलग बोलता येईना, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाऊ लागली, किंवा घुरघुर एकदम बंद होऊन पोर गप्प पडलं, तर ते बरं होण्याचं लक्षण नव्हे. हवाच आत जात नाही. तेव्हा कांदा नाही, चप्पल नाही, अंगारा नाही. शुद्धीत असेल तर बसवा, पंप द्या. शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका. आणि १०८ ला फोन करा.

बाकी तुमच्या-माझ्या हातात काय आहे? बघणाऱ्यानं तीन गोष्टी डोक्यात ठेवायच्या. पडण्याच्या आधी काय झालं. किती वेळ पडून होतं आणि उठल्यावर ओळखत होतं का. आणि कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत. घरी गेल्यावर कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांपुढं ठेवा. चरकसंहितेच्या काळापासून लंडनच्या प्रयोगशाळेपर्यंत ज्यांना उत्तर सापडलं, त्यांनी याहून फार वेगळं काही केलेलं नाही. त्यांनी नाव द्यायची घाई केली नाही.

ती मुलगी आता संसारात आहे. तिची मुलं शाळेत जातात. मागं एकदा बाजारात भेटली. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी मी तो शब्द बोलायला नको होता." ती हसली आणि म्हणाली, "सर, तुम्ही एकट्यानंच थोडी बोलला होता." तिनं मला सोडवलं, पण ते खरं नाही. पहिला मीच बोललो होतो. म्हणून आज इथं उभा राहिलो.

आता तुमचे प्रश्न घेतो. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, आधी त्यांना बोलू द्या.